न पटणारं प्रकरण

ग्रंथालयाच्या तिसऱ्या मजल्यावर झोपलेला ड्रॅगन. उत्तर चुकलं की एक पायरी गिळून टाकणारा जिना. कपाटात एकमेकांशी कडाकडा भांडणारे प्रबंध. कायम झालेली एक हंगामी प्राध्यापिका.

यातलं शेवटचं सोडून संपादकांना सगळं पटलं होतं.

"ड्रॅगन झकास जमलाय, मॅडम," ते फोनवर म्हणाले. "पण अठरा वर्षं हंगामी शिकवणारी बाई एके दिवशी कायम होते? वाचक हसतील हो."

"कादंबरी अद्भुताचीच आहे ना?"

"म्हणून काय वाट्टेल ते? ते प्रकरण काढा, पुस्तक लगेच छपाईला पाठवतो."

लेखिकेचं स्वतःचं हंगामी नोकरीचं अठरावं वर्ष चालू होतं. तिने त्या प्रकरणावर काट मारली आणि पानं घेऊन आतल्या खोलीत गेली. आईची नजर गेल्यापासून लिहिलेलं सगळं ती तिला वाचून दाखवायची.

ड्रॅगन जागा झाला तशी आई कुशीवर वळली. "पुरे गं त्या जनावराचं कौतुक. ती बाई कायम होते ना, ते वाच. सगळ्या पुस्तकात तेवढंच काय ते खरं वाटतं."

"तेवढंच?"

"मग! स्वतःवरूनच तर उचललंयस. लबाड कुठली!"

तिने काट मारलेली पानं वर घेतली आणि वाचायला लागली.

नऊ वर्षांपूर्वी आईला ऑपरेशनसाठी आत नेत होते, तेव्हा तिला धीर यावा म्हणून, "मी कायम झाले," असं तिने सांगून टाकलं होतं.