पुढचे लोक

गोल्फच्या मैदानावर पुढच्या चौघांच्या संथ खेळाने उत्तम अगदी वैतागून गेला होता. चेंडू मारायच्या आधी कुणी वारा बघे, कुणी हातमोजा काढून पुन्हा घाली.

"रवी, सांगूया का यांना, आम्हाला पुढे जाऊ द्या म्हणून?"

"असू दे रे. खेळू दे त्यांना," बाकावर टेकलेला रवींद्र डोळे न उघडताच म्हणाला.

शेवटी उत्तम स्वतःच गेला. माणसं भली होती, लगेच बाजूला झाली. त्यांना ओलांडून दोघं पुढे आले, तर समोर सगळं मैदान मोकळं. उत्तमने खुशीत काठी उचलली आणि तेवढ्यात रवींद्रचा फोन वाजला. डोंबिवलीच्या घरून अक्षदा, त्याची लेक. रविवारची सकाळ ती आजारी आईपाशी थांबायची, म्हणून रवींद्रला आठवड्यातून एकदा तरी घराबाहेर पडता यायचं.

"बाबा, कधी येताय? आई माझ्या हातून घासच घेत नाहीये. तुम्हालाच शोधतेय सारखी."

रवींद्रने मागे राहिलेल्या चौघांकडे वळून पाहिलं.

"येतो गं. पण पुढचे लोक फार हळू खेळतायत. तासभर तरी लागेल बघ."

फोन खिशात टाकून तो तिथेच गवतावर बसला. उत्तमने मोकळ्या मैदानाकडे पाहिलं, मग मित्राच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे. त्याने काठी पिशवीत ठेवून दिली आणि शेजारी बसकण मारली.

"खरंय," तो म्हणाला. "आज फारच हळू खेळतायत."