शून्य किलोचा केरबा

केरबाचं वजन शून्य किलो निघालं.

काट्यावर नव्हे, कॉम्प्युटरवर. काटा सकाळीच एकोणनव्वद दाखवून, जरा कुरकुरून गप्प झाला होता. पण १९९८ साली मैदानाच्या कमिटीला कुस्त्या कॉम्प्युटरवर जोडायची हौस आली होती, आणि कॉम्प्युटरच्या लेखी ज्याचं वजन शून्य तो पैलवान आलाच नाही. चार वाजता हलगी वाजणार. त्याआधी यादीत नाव लागलं नाही तर केरबाची कुस्ती गेली. बारा वर्षं अंगाला माती लावली ती याच मैदानासाठी. आता वाजले होते तीन.

केरबा म्हणजे साधा गडी नव्हे. नेसरीकडच्या एका लग्नात तो पहिल्या पंगतीला बसला आणि नवरदेव उपाशी राहिला, असं सांगतात. रोज हजार बैठका मारतो, हे मात्र तो स्वतःच सांगायचा, कुणी न विचारता. त्यामुळं पलीकडच्या तालमीतल्या जोतीरामनं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलंच, की हजार बैठका मारून माणूस एवढा झिजतो व्हय?

केरबाचे गुरू चमन वस्ताद खवळले होते. घोळ फक्त त्यांच्याच तालमीचा झाला होता. त्यांच्या नागसेनचं वजन चौऱ्याहत्तरचं साठ झालं होतं. बाकीच्या तालमींचे आकडे ग्रॅमभरही हलले नव्हते. वस्तादांना यात कट दिसत होता.

प्रोग्राम लिहिला होता शाहूपुरीतल्या दीक्षानं. वय बावीस, पहिलंच काम. तिनं सगळे अर्ज पसरून तपासले. फरक एकच सापडला. अर्जावर वजनासाठी तीन चौकोन होते. दोन आकडी वजन असेल तर बाकीच्यांनी पहिला चौकोन मोकळा सोडला होता. वस्तादांनी तिथं शून्य भरायला लावलं होतं. कारण मागं एकदा कुणीतरी त्यांच्या बासष्ट किलोच्या पोराच्या आकड्याला डावीकडून एक चिकटवला आणि त्याला एकशे साठ किलोच्या रेड्यासमोर उभं केलं. तेव्हापासून ०८९, ०७४, असं. दीक्षानंही दिसलं तसंच टाइप केलं होतं.

शून्य काढून टाकते, ती म्हणाली. शून्याला हात लावायचा न्हाई, वस्तादांनी बजावलं. मोकळा चौकोन दिसला की लोकांचे हात शिवशिवतात.

आता मशीनच्या पोटात शिरणं आलं. आकडे वाचायचं काम दुसऱ्याच कुणीतरी लिहिलेला एक तयार कोड करत होता. दीक्षानं तो वरून खालपर्यंत तीनदा वाचला. काही उमगेना. वैतागून तिनं मान वर केली.

समोर वस्ताद नागसेनच्या बैठका मोजत होते. त्यांची डाव्या हाताची दोन बोटं हातकणंगल्याच्या एका गुऱ्हाळात उसाबरोबर चरकात गेलेली. उरली आठ. आठ बोटं संपली की वस्ताद एक खडा ठेवायचे. बोटांइतके खडे झाले की एक सुपारी. बोटांइतक्या सुपाऱ्या झाल्या की नारळ. नारळ आला म्हणजे हजार झाले, मग पैलवानानं आडवं व्हायचं. वस्तादांच्या समोर वेगळं मोजायची तालमीत कुणाची टाप नव्हती.

दीक्षा खड्यांकडं बघत राहिली.

"वस्ताद, सात खडे आणि चार बोटं म्हणजे किती?"

"चौऱ्याहत्तर. शाळेत गेलतीस न्हवं?"

दीक्षानं मनात सातला आठनं गुणलं, वर चार मिळवले. साठ.

ती उडी मारून कॉम्प्युटरकडं वळली. आकड्याच्या आधी शून्य दिसलं की तो तयार कोड दहावर न मोजता आठावर मोजत होता. त्या मोजणीत आठ आणि नऊ हे आकडेच नसतात. त्यामुळं ०८९ वाचताना शून्यानंतर आठ दिसला की गडी तिथंच थांबायचा, हातात शून्य घेऊन. तिनं एक ओळ बदलली. आधी काहीही असो, दहावरच मोजायचं. चाराला पाच मिनिटं कमी असताना पडद्यावर केरबा एकोणनव्वद किलोचा झाला, आणि त्याची जोड लागली नव्वद किलोच्या जोतीरामशी.

सहाव्या मिनिटाला जोतीराम पाठीवर पडला. तो पडला तेव्हा कॉम्प्युटर टेबलावरून वीतभर उडाला, असं सांगणारे आजही आहेत.

केरबाला फेटा बांधला, हातात नारळ दिला. वस्तादांनी दीक्षाच्या तळहातावर पेढा ठेवला आणि मशीनला नेमकं झालतं काय ते विचारलं.

"काय नाही वस्ताद. ते पण आठच बोटांवर मोजत होतं."

वस्ताद खदाखदा हसले. मग कमी हसले. मग दोन्ही पंजे डोळ्यांसमोर धरून बोटं मोजू लागले. शेजारी केरबा फेटा सावरत फोटोवाल्याला शोधत होता.

"पोरी, आमचा नारळ म्हणजे खरा किती?"

"पाचशे बारा."

"हजाराला कमी किती?"

"चारशे अठ्ठ्याऐंशी."

वस्ताद केरबाकडं वळले.

"बारा वर्षांची रोजची बाकी हाय, केरबा. फेटा काढ."