मागची डावी सीट

चौथ्या टायरपाशी ती उकिडवी बसली आणि कडेवरचे चार आकडे वहीत उतरवून घेतले. टायर कोणत्या वर्षी, कितव्या आठवड्यात बनला ते त्यावरून कळतं. चारही एकाच आठवड्यातले निघाले. मग तिने डिकीतली स्टेपनी बघायला मागितली.

‘ती आजवर लागलीच नाही,’ गाडीची मालकीण म्हणाली.

‘न लागलेलंच ऐनवेळी दगा देतं.’

मालकीण दातांची डॉक्टर होती. दवाखाना आटोपून तशीच इमारतीच्या पार्किंगमध्ये आली होती. जाहिरात वाचून आलेल्या या बाईने फोनवर नाव सांगितलं नव्हतं, पाणी तपासायच्या लॅबमधून बोलते एवढंच. डॉक्टरने मनातल्या मनात तिची लॅबवाली करून टाकली होती.

गाडी छोटेखानी एसयूव्ही, राखाडी, चार वर्षं वापरलेली. लॅबवालीने सर्व्हिसची पुस्तिका पानोपान वाचली. मागचे पट्टे शेवटपर्यंत ओढून त्यांची वीण बोटांनी चाचपली. डाव्या मागच्या दारापाशी मात्र ती थांबली. तिथला रंग शेजारच्या पत्र्याहून किंचित उजळ होता.

‘खांबाला घासलं होतं,’ डॉक्टर विचारण्याआधीच म्हणाली. ‘रिव्हर्स घेताना. मीच.’

इतक्या चटकन कबूल करणाऱ्या माणसांवर लॅबवालीचा विश्वास नव्हता. हे कधी झालं, गाडीत तेव्हा कोण होतं, फोन चालू होता का, असं तिने एकामागोमाग विचारलं.

‘पोलिसांत आहात का हो?’ डॉक्टर हसली. पण उत्तरं तिने सगळी दिली. दोन वर्षांपूर्वी, एकटीच होते, फोन पर्समध्ये होता.

गाडी का विकताय, यावर ती म्हणाली की घरात माणूस वाढतंय, जरा मोठी घ्यायची आहे. विकणारे सगळे असंच काहीतरी सांगतात. लॅबवालीने पुढे विचारलं नाही.

डॉक्टरने किल्ली पुढे केली. लॅबवालीने ती घेतली नाही.

‘तुम्ही चालवा. मी मागे बसते.’

‘मागे?’

‘मुलगी मागे बसणार. आठ वर्षांची आहे. तिला काय जाणवेल ते मला बघायचंय.’

‘आणि घरी कोण कोण?’

‘मी आणि ती. बस.’

मागच्या डाव्या सीटवर बसून लॅबवालीने पट्टा लावला, वही मांडीवर घेतली. लॅबमध्ये शंका आली तर नमुना दुसऱ्यांदा तपासता येतो. इथे एकच मुलगी होती आणि चूक परवडणारी नव्हती.

गाडी रस्त्याला लागली. ‘आता गतिरोधक,’ डॉक्टर म्हणाली, आणि गाडी अलगद वर चढून उतरली. थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, ‘आता खड्डा आहे, उजवीकडून.’ मग स्वतःशीच ओशाळली. ‘सवय हो. पेशंटला आधी सांगितलं की तो दचकत नाही.’

लॅबवालीने वहीत काहीतरी लिहिलं. गिऱ्हाइकासमोर सगळेच गोगलगाय होतात, असंही तिच्या मनात आलं. तिने घड्याळाकडे बघत मुद्दाम सांगितलं की तिला साडेपाचच्या आत पोचायचंय, जरा दामटा. डॉक्टरने वेग वाढवला, पण थोडाच. पुढच्या चौकात दिवा पिवळा झाला, रस्ता मोकळा होता. डॉक्टरने गाडी थांबवली.

‘गेलो असतो की आपण,’ लॅबवाली म्हणाली.

‘गेलो असतो.’

बस एवढंच. गाडी दिवा हिरवा होईपर्यंत उभी राहिली.

डॉक्टरचा फोन पर्समध्ये वाजला. बंद झाला, पुन्हा वाजला. लॅबवाली आरशातून तिचे डोळे बघत होती. ते रस्त्यावरून हलले नाहीत.

‘घ्या ना, महत्त्वाचा असेल.’

‘घरचाच असणार. थांबले की करीन.’

एक स्कूटरवाला डावीकडून अंगावर आला. ब्रेक लागला, पट्टा खांद्यात रुतला. लॅबवालीने श्वास रोखून शिवीची वाट बघितली. डॉक्टरने आधी मान किंचित वळवून विचारलं, ‘लागलं नाही ना?’ आणि मग त्या स्कूटरवाल्याकडे बघून नुसतं ‘शहाणा’ म्हणाली.

तिची खोट सापडत नव्हती आणि लॅबवालीला त्याचाच राग येत होता.

‘मुलीला गाडी लागते,’ ती एकदम म्हणाली. हे ती सहसा कुणाला सांगत नसे.

डॉक्टरने वेग आणखी कमी केला. वळणावर तिला कसं होतं ते विचारलं, काच किती उघडी लागते ते विचारलं, पुस्तक वाचते का, तेही. परतीच्या वाटेवर तिने प्रत्येक वळण असं घेतलं की मांडीवरचं पेन घरंगळलं नाही.

पार्किंगमध्ये उतरल्यावर मात्र डॉक्टर तिच्याकडे रोखून बघत राहिली.

‘मॅडम, राग मानू नका. तुम्ही बॉनेट उघडायला सांगितलं नाहीत. किमतीचं काढलं नाहीत. तुम्ही एजंट तर नाही ना?’

‘नाही.’

‘मग घेताय गाडी?’

‘नाही.’

‘निदान कळू तरी द्या, काय खोट निघाली?’

‘काही नाही निघाली,’ लॅबवाली म्हणाली. तिने वही पर्समध्ये टाकली, डॉक्टरचे आभार मानले. ते तिला वाटलं होतं त्याहून अवघड गेलं.

फाटकाबाहेर कोपऱ्यावर थांबून तिने मुलीच्या वडिलांना फोन लावला. तीन महिन्यांत पहिल्यांदाच.

‘शनिवारी पाठवते तिला तुझ्याकडे,’ ती म्हणाली. ‘पण न्यायला तू यायचं नाहीस. गाडी तुझ्या होणाऱ्या बायकोनेच चालवायची.’