वळल्यावर डावीकडे

हवाई दलातून निवृत्त झाल्यावर मोकाशी आणि मी रोज सकाळी मैदानावर चालायचो, पण कधीच शेजारी शेजारी नाही. तो माझ्या उजवीकडे, चांगला चाळीस पावलं लांब. विमानंही आम्ही तशीच उडवली होती. लीडर मी, नंबर दोन तो. कोपऱ्यावर कारल्याचा रस विकणाऱ्या शेवंताबाईंना मात्र वाटायचं, म्हाताऱ्यांचं भांडण झालंय.

कोपरा आला की डावीकडे वळायची खूण म्हणून मी डावा हात वर करायचो, विमानांच्या जोडीत वळतात तसं. बाहेरच्या बाजूला तो, म्हणून आधी तो वळणार आणि माझ्या पाठीमागून पलीकडे जाणार. मी तोवर सरळ चालत राहायचं, मग वळायचं आणि डावीकडे बघायचं. तिथे तो असायचाच. मधली काही पावलं तो दिसत नसे. तेवढ्यात मी मागे बघितलं तर चिडायचा, "भरवसा नाही का रे माझ्यावर?"

मोकाशी गेल्या महिन्यात वारला. त्यानंतर आज पहिल्यांदाच मैदानावर आलो आणि कोपऱ्यावर सवयीनं हात वर केला. सरळ चाललो. वळलो. मान डावीकडे फिरणार, एवढ्यात शेवंताबाईंनी गाडीवरून विचारलं, "काय साहेब, आज एकटेच? अजून रुसलेत का ते?"

"नाही हो," मी म्हणालो, "मागून येतोय."

आणि डावीकडे न बघता चालत राहिलो.