तळातलं पाणी

चौथ्या सकाळीही बोटीच्या तळात वीतभर पाणी होतं. मिस्त्रीनं फळी उचलून पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

पाणी उपसणारा पंप नवा. नळी नवी, क्लिपा दुहेरी. तळातून निघालेली नळी त्यानं आधी पार डेकखालपर्यंत वर चढवली होती, मग वळवून बाहेरच्या तोंडाला जोडली होती. असं उंच वळण दिलं की समुद्र उलटा आत शिरत नाही. वीस वर्षांत त्याच्या एकाही नळीनं दगा दिला नव्हता.

"आलं ना परत?" काकांनी धक्क्यावरून विचारलं. बोट त्यांची. एकाहत्तरीला आलेले काका रविवारी एकटेच महिनाभराच्या सफरीला निघणार होते. साऱ्या बंदराला सांगून झालं होतं, मित्रांनी निरोपाचं जेवणही उरकलं होतं. "असू दे. सावकाश कर. काम चोख पाहिजे."

"रविवार गाठायचाय ना, काका?"

"गाठायचाच आहे," म्हणत काका अनवाणीच चहा आणायला गेले.

काकू धक्क्यावर विणत बसल्या होत्या. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या होत्या, "बायपास झालंय यांचं. माझं ऐकतील तर शपथ. तुम्ही तरी समजवा." मिस्त्रीनं अंग काढून घेतलं होतं. नवरा-बायकोच्या भानगडीत कोण पडणार?

नळी सोडवून त्यानं फुंकर मारली. आत टिपूस नव्हता. मग त्यानं तळातल्या पाण्यात करंगळी बुडवून जिभेला लावली. हे खरं तर पहिल्याच दिवशी करायचं, पण बोट समुद्रात उभी म्हणजे पाणी समुद्राचंच, असं तो धरून चालला होता.

पाणी गोडं होतं. नळाचं.

धक्क्यावरच्या नळाशी बादली पालथी होती. आपली नळी निर्दोष निघाली याचं त्याला बरं वाटलं, आणि काकूंचं फार वाईट वाटलं.

"काकू, मी कुठं बोलणार नाही," तो हळूच म्हणाला. "पण बादल्या ओतून माणूस थांबतो होय?"

काकूंच्या सुया थांबल्या. "मी नाही ओतत."

त्या उठल्या. कठड्यापाशी वाळत ठेवलेल्या काकांच्या चपला त्यांनी उन्हाकडे फिरवल्या.

"रोज पहाटे फिरून येतात, तेव्हा ओल्या असतात," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना सांगून बसलेत हो. रविवारच्या आत काहीतरी मोठा बिघाड काढा."