खळतकरांची प्रत

"मंत्रिमंडळात दोन खुर्च्या माझ्याच! आता मला कोण हलवतोय?" शपथविधीच्या सकाळी नरहरी खळतकर बायकोला म्हणाले. आघाडीत त्यांच्या पक्षाचे ते एकटेच आमदार, पण वाट्याला मंत्रिपदं आली होती दोन. म्हणून सरकारी प्रयोगशाळेने त्यांची हुबेहूब प्रत काढली होती.

संध्याकाळी खातेवाटप झालं. खळतकरांना मत्स्यव्यवसाय मिळालं आणि प्रतीला गृह.

"साहेब, तो माझ्यापासूनच बनलाय!" खळतकर मुख्यमंत्र्यांवर ओरडले.

"हो, पण परवाच बनलाय ना. अजून एकही भानगड नाही त्याची."

खळतकर घरी आले, तर बायको प्रतीला आग्रहाने श्रीखंड वाढत होती. "अहो, बाहेर भाऊजींचा बंदोबस्त बघितलात? काय रुबाब आहे!"

खळतकरांचं डोकंच फिरलं. त्यांनी पत्रकार बोलावले आणि टँकर घोटाळ्यापासून नरहरी खळतकरांच्या सगळ्या भानगडी पुराव्यासकट सांगून टाकल्या. "असल्या माणसाला गृहखातं देता?"

गृहमंत्र्यांनी लगेच चौकशी लावली. सगळ्या भानगडी प्रत काढण्याआधीच्या निघाल्या. खळतकरांना अटक झाली आणि मत्स्यव्यवसाय खात्याचा अतिरिक्त कार्यभार गृहमंत्र्यांकडे देण्यात आला.