नक्षत्रांची फाइल

"उघडत नाही," उल्का पुन्हा म्हणाली.

"उघडत नाही म्हणजे काय? फाइल आहे, का बँकेची तिजोरी?" यज्ञेश्वर वैशंपायन मुलीच्या खुर्चीमागे उभे होते. चष्मा बाहेरच्या खोलीत राहिला होता, त्यामुळे पडद्यावरचं त्यांना काही दिसत नव्हतं. तो आणायला मात्र ते जात नव्हते.

शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्यावर त्यांनी क्लास लावून सी भाषा शिकून घेतली आणि पत्रिका जुळवणारा प्रोग्रॅम स्वतः लिहिला. अठराच्या खाली गुण आले की नकार, मग मुलगा कितीही चांगला असो. कसबा पेठेतली कितीतरी जमत आलेली लग्नं त्यांनी अशी मोडली होती, आणि वर त्याचा अभिमान. रोज पहाटे आंघोळ झाली की ते तासभर संगणकापाशी बसत. बाकी वेळ तो उल्काचा.

आज जुळवायची होती ती तिचीच पत्रिका. बाहेर श्रीनिवास आईला, मंदाकिनीबाईंना, घेऊन बसला होता. दोघं खराडीला एकाच ऑफिसात. लग्न करीन तर त्याच्याशीच, असं तिनं घरी सांगून टाकलं होतं. सोमवारी त्याची पत्रिका आली, तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "प्रोग्रॅम म्हणेल तसं."

आणि आता रविवारी, पाहुणे घरात असताना, प्रोग्रॅम नक्षत्रांची फाइलच उघडेना.

"पाथ बघितलास?"

"बघितला."

"नीट?"

"बाबा, मला पगार याचाच मिळतो."

"मग कंपनीचं कठीण आहे."

उल्काने प्रोग्रॅम परत चालवला. पुन्हा तेच: फाइल उघडता आली नाही. तिनं कीबोर्ड पुढे ढकलला. बाहेर चहाचे कप केव्हाच रिकामे झाले होते.

श्रीनिवास दारात आला. "मी बघू का?"

"नको," बापलेक एकदमच म्हणाले.

तो निमूट परत गेला.

"पुरे झालं," शेवटी यज्ञेश्वर म्हणाले. "माणसांना किती ताटकळत ठेवायचं? यंत्रच चालत नाही तर मी काय करू?" ते बाहेर गेले आणि मंदाकिनीबाईंना म्हणाले, "आमच्याकडून होकार. तारखेचं बोलू या."

पाहुणे गेल्यावर उल्का संगणकापाशी परतली. सी भाषेत फाइलच्या पाथमध्ये, म्हणजे पत्त्यात, बॅकस्लॅश दोनदा द्यावा लागतो. एक काढला की प्रोग्रॅम फाइल भलतीकडेच शोधतो. काल दुपारी तिनंच एक काढला होता, आणि फाइल उघडत नाही याची खात्री करून घेतली होती. गुणांच्या आकड्यापायी श्रीनिवासला गमावायची तिची तयारी नव्हती. बाबांना फसवल्याचं मात्र फार वाईट वाटत होतं. निदान त्यांचा प्रोग्रॅम तरी त्यांना जसाच्या तसा परत मिळावा.

तिनं बॅकस्लॅश जागेवर घातला आणि प्रोग्रॅम चालवला.

फाइल उघडता आली नाही.

आता मात्र ती खरोखरच वैतागली. तिनं पाथ अक्षर अन् अक्षर तपासला. बरोबर होता. मग फोल्डर उघडून पाहिलं. नक्षत्रांची फाइल तिथं नव्हतीच.

ती रिसायकल बिनमध्ये सापडली. मंगळवारी पहाटे टाकलेली.